तिसऱ्यांदा विचारायचं राहून गेलं

बोलू का? आवाज जरा करकरेल, सांभाळून घ्या. लाकडाचा आहे मी, त्यात थंडी. मी सार्किलांपीचं चर्च बोलतोय. फिनलंडच्या उत्तरेला, लांबोडक्या तळ्याच्या काठी, अडीचशे वर्षांच्या आसपास उभा आहे आणि खरं सांगायचं तर थकलोय. पार थकलोय.

बसा ना. अगदी पुढे बसा. पुढचे बाक नव्यासारखे आहेत, कारण माझ्या गावची माणसं जन्मात कधी पुढे बसली नाहीत. मागची जागा धरायला लवकर येतात, आणि ज्याला उशीर होतो त्याला पुढे बसावं लागतं. इथे पुढे बसणं ही शिक्षा आहे. मागच्या बाकांच्या पाठी मात्र पिढ्यान् पिढ्यांच्या खांद्यांनी झिजून गुळगुळीत झाल्यात.

माझ्या आधी गावाला चर्च नव्हतं. उपासनेला तळ्यापलीकडे जायचं. उन्हाळ्यात होडीने, हिवाळ्यात बर्फावरून घसरगाडीने. पण शरद संपता संपता बर्फ धरू लागला की होडीही चालत नाही आणि बर्फ माणसालाही पेलत नाही. त्या दिवसांत कोणी मेलं तर त्याला धान्याच्या कोठारात थांबावं लागे. थंडीत तो बिघडत नसे म्हणा, पण घरच्या बाईला रोज पीठ काढायला त्याच्या उशाशी जावं लागे, तिचं काय? ह्या जाचातून मी जन्मलो.

तेव्हा इकडे स्वीडनच्या राजाचा अंमल. चर्च बांधायचं तर त्याची परवानगी हवी. गावाने अर्ज धाडला. उत्तर नाही. पुन्हा धाडला. उत्तर नाही. तिसऱ्यांदा धाडला, तरीही राजा गप्पच. मग गावातली जाणती माणसं सॉनात, वाफेच्या न्हाणीत, जाऊन बसली, घाम गाळला, विचार केला आणि म्हणाली, "तीनदा विचारलं. राजाने नकार दिला का? नाही दिला. मग झालं तर!"

असा मी उभा राहिलो. हिवाळ्यात पाडलेले पाइन, बर्फावरून ओढत आणलेले. छपराला लाकडाची कौलं, त्यांवर पाइनच्या मुळांतून काढलेलं डांबर. पुढे बिशप तपासणीला आला आणि दारातूनच गरजला, "राजाज्ञा कुठाय?" बाहेर पाऊस कोसळत होता. नाइलाजाने आत आला, वर पाहिलं, एक थेंब गळत नव्हता. बसला, ओले मोजे काढले आणि म्हणाला, "बरं बांधलंय." एवढंच माझं कौतुक. पण आमच्याकडे "बरं" म्हणजे फार झालं हो. इथे नवरा बायकोला उभ्या आयुष्यात एकदा "बरी आहेस" म्हणाला तर ती दचकून विचारते, की बाबा तुला बरं वाटत नाहीये का?

ही तीनदा विचारायची रीत मात्र जपून ठेवा डोक्यात, कारण तिनेच माझा घात केला. आमच्याकडे कॉफीला बोलावलं तर पहिल्यांदा "नको" म्हणायचं. दुसऱ्यांदा "कशाला उगाच त्रास" म्हणून जमिनीकडे बघायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मग "आता एवढं म्हणताय तर" असं म्हणून उठायचं. पहिल्या हाकेला उठला तो हावरट. लग्नाची मागणीसुद्धा अशीच चालते. ह्या रीतीत घरं वसली, पोरं झाली, कोणाचं काही अडलं नाही.

माझ्या आत काय काय झालं ते सांगत बसलो तर तुमची गाडी चुकेल. बारशी झाली, लग्नं झाली. ओल्या लोकरीचा वास, तपकिरीच्या शिंका, आणि लांबलेल्या प्रवचनात घोरणारे शेतकरी. घोरण्याचा मला कधी राग आला नाही. सहा दिवस राबलेला माणूस सातव्या दिवशी देवाच्या घरी निवांत झोपतो, ह्याहून मोठा विश्वास कोणता? पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे. तसा कायदा कधीच गेला होता, पण म्हाताऱ्यांची ढुंगणं वळणाला लागलेली. त्यांना कोण समजावणार!

मग शेजारच्या मोठ्या देशाशी ती लढाई आली. आमच्याकडे लढाईत पडलेला पोरगा घरी आणतात, परक्या मातीत ठेवत नाहीत. पेट्या माझ्या मधल्या वाटेवर ओळीने ठेवल्या. त्याही माझ्याच रानातल्या पाइनच्या. आपण लाकडाचे आहोत ह्याची मला तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली. त्यातल्या एका पेटीमागून ताउनो नावाचा लहानगा पोर चालत गेला होता, बापाला पोचवायला. बाप माझ्या दारातून बाहेर गेला आणि आवारातल्या बर्चच्या झाडाखाली निजला. म्हातारपणी ताउनोने बायकोला, साइमीला, एकदाच सांगून ठेवलं होतं, "मला बापाच्या वाटेने न्या. ह्याच दारातून." एरवी हा माणूस मीठ मागायलासुद्धा तोंड उघडत नसे. म्हणून ते वाक्य साइमीने पदरात बांधून ठेवलं.

लढाईनंतर हळूहळू गाव ओसरलं. तरणी पोरं स्वीडनच्या कारखान्यांत गेली, उरलेली दक्षिणेला. माझी भाविक मंडळी तालुक्याच्या चर्चच्या मंडळीत विलीन केली. महिन्यातून एक उपासना, ती ऐकायला आठ-दहा म्हातारी आणि बाहेर बांधलेला एक कुत्रा. मला ऊब द्यायला लागणारी वीज परवडेना. उत्तरेकडची भिंत मऊ पडली. माझी हाडं दुखत होती हो, आणि दुखतात हे सांगायला माणूस नव्हता.

अशात तालुक्याहून नव्या पाळकबाई आल्या. नाव हेन्रीका. दक्षिणेकडच्या, शहरात वाढलेल्या, कष्टाळू, मनाने निर्मळ. वाईट बोलायला जागा नाही. माझी देखभाल करणारा केइयो तर त्यांच्यावर खूश होता, कारण त्यांची प्रवचनं आटोपशीर असत.

सप्टेंबरात त्यांनी माझ्यातच सभा बोलावली. आधी कॉफी. बाईंनी किटली स्वतः हातात घेतली आणि साइमीपाशी आल्या.

"कॉफी देऊ?"

"नको," साइमी म्हणाली.

"थोडीशी?"

"कशाला उगाच त्रास," साइमीने जमिनीकडे बघितलं.

"बरं," असं म्हणून बाई हसल्या आणि किटली घेऊन पुढे गेल्या!

साइमी रिकामा कप मांडीवर धरून बसली. शेजारी तिची नणंद एल्मा, तोंडाची फटकळ. ती कुजबुजली, "वहिनी, पुढच्या वेळी हावरटासारखा हात पुढे कर, नाहीतर तहानेने मरशील."

मग बाई उभ्या राहिल्या आणि शांतपणे, दुःखाने बोलल्या. दोन चर्च सांभाळणं मंडळीला झेपत नाही. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सार्किलांपीत शेवटची उपासना होईल. त्यानंतर चर्च बंद. पुढचे सगळे विधी, बारशी, लग्नं, मयत, तालुक्याच्या विटांच्या चर्चमध्ये. आवारातल्या कबरी मात्र राहतील. "ह्याला कोणाचा विरोध आहे का?" त्यांनी विचारलं.

कोणी बोललं नाही. केइयो बूट न्याहाळत होता. साइमीने रिकामा कप बाकाखाली ठेवला. मला वाटत होतं, बाई, थांबा. हे पहिलं विचारणं झालं. अजून दोनदा विचारा. देवाशपथ, अजून दोनदाच!

"धन्यवाद," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे ओले होते. "तुम्ही इतक्या समजूतदारपणे घेतलंत. म्हणजे एकमताने."

बाईंची गाडी वळणाआड गेली आणि माझ्या पायरीवर एकच गलका झाला. ज्यांनी वर्षभरात दोन वाक्यं उच्चारली नव्हती ते भांडायला लागले.

"अरे, तू का नाही बोललास?" एल्मा केइयोवर धावली.

"बाईंनी विचारलं कुठे?"

"विचारलं की! मी काय बहिरी आहे?"

"एकदाच विचारलं. एकदा विचारणं म्हणजे काय विचारणं आहे? तू तरी का नाही बोललीस? एरवी तुझ्या तोंडाला कुलूप लावायला लोहार बोलवावा लागतो."

"मी? पहिल्या विचारण्याला? लोक काय म्हणतील!"

दुसऱ्या दिवशी केइयोने फोन केला. पण बाईंनी सभेचा ठराव वर पाठवला होता, वरच्यांनी मान डोलावली होती. "तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत हो?" त्या कळवळून विचारत होत्या. केइयोला रीत समजावून सांगता आली नाही. श्वास कसा घेतो हे कोणाला समजावता येतं का? राजा गप्प बसला तेव्हा गावाने त्याचा होकार धरला, आणि आता गाव गप्प बसलं तर गावाचा होकार धरला. मला हसूही आलं नाही.

माझं सोडा. जुनं लाकूड कधीतरी पडायचंच. पण साइमीला दुसरीच काळजी होती, कारण ताउनो तालुक्याच्या शुश्रूषागृहात अंथरुणाला खिळलेला होता. हृदय दमलेलं, फुप्फुसांत पाणी. एल्मा माझी फरशी पुसायला आली होती आणि साइमी तांबड्या बोरांच्या डहाळ्या वेदीवर लावत होती, तेव्हा मी त्यांचं बोलणं ऐकलं.

"डॉक्टर काय म्हणाले वहिनी?"

"आठवडाही काढतील, महिनाही काढतील. सांगता येत नाही म्हणाले."

"म्हणजे आगमनाच्या आधी जर..." एल्मा म्हणाली आणि थांबली. फडका बादलीत पडला.

"बोल ना. थांबलीस का? आधी गेला तर ह्या दारातून जाईल. नंतर गेला तर त्या विटांच्या गोदामातून. हेच ना? मी रात्रंदिवस दुसरं काय घोकतेय?"

एल्मा तिला जवळ घ्यायला गेली, पण साइमीने तिला झटकलं. एकटी उरल्यावर ती बायकांच्या बाजूच्या शेवटच्या बाकावर बसली आणि मोठ्याने म्हणाली, "देवा, न्यायचा तर लवकर ने त्याला." लगेच तोंडावर हात दाबला. "नको, नको. नको नेऊस. मी काय बोलतेय? राहू दे त्याला. पण मग शब्दाचं काय, देवा?" एवढी वर्षं प्रार्थना ऐकतोय मी, पाऊस मागणाऱ्या, ऊन मागणाऱ्या, शेजाऱ्याची गाय मरो म्हणणाऱ्यासुद्धा. पण नवऱ्याचं मरण मागून त्याच दमात परत करणारी बाई मी पाहिली नव्हती. मला वाटलं, छप्पर घालून घ्यावं तिच्या अंगावर शालीसारखं. पण चर्चला हात नसतात.

आणि इकडे ताउनोचं काय? ऑक्टोबर संपता संपता म्हातारा सुधारायला लागला! लापशी मागून खाऊ लागला. नर्सला म्हणाला, सॉना हवा.

"आता बघ," साइमी एल्माला सांगत होती. रडत होती की हसत होती कोण जाणे. "जन्मात कधी वेळेवर आला नाही हा माणूस. लग्नाला उशिरा आला, पोरीच्या बारशाला उशिरा आला. आता मरायलाही उशीर करतोय."

"मग काय करायचं?"

"काय करायचं? मेल्यावर आणता येत नसेल तर जिवंत आणीन. दार तर तेच आहे ना!"

एल्माने तिच्याकडे असं बघितलं, जणू हिचं डोकं फिरलंय. नर्सनेही तेच म्हटलं. थंडी आहे, धोका आहे. साइमीने विचारलं, "मरेल म्हणता? ते तर तो मरणारच आहे." नर्स कपाटाकडे गेली. तिने दोन घोंगड्या जास्त दिल्या.

त्या रविवारी मी कितीतरी वर्षांनी भरलो. स्वीडनला गेलेली पोरं, आता तीही पिकलेली, आली होती. उशिरा आलेल्यांना पुढे बसावं लागलं. केइयोने सगळे हीटर लावले. माझी लाकडं उबेने तडतडली. ताउनो केइयोच्या गाडीतून आला, चाकांच्या खुर्चीत, घोंगड्यांत गुंडाळलेला, वर लोकरीची टोपी. पायऱ्यांवरून चाकं चढेनात. चौघांनी खुर्ची उचलली, आणि सवयीने, दरवेळी पेटी उचलतात तशी, फिरवून पाय दाराकडे करू लागले.

"पाय पुढे करू नका रे!" एल्मा किंचाळली. "मेला नाहीये तो!"

चौघे गडबडले, खुर्ची डुगडुगली. "उचला रे नीट," टोपीखालून ताउनो म्हणाला, "नाहीतर आत्ताच मरीन." आत हशा पिकला. माझ्यात इतका मोकळा हशा मी पूर्वी ऐकलेला आठवत नाही.

त्याला उजवीकडे नेऊ लागले. साइमी डाव्या बाजूने उठली, सगळ्यांच्या देखत मधली वाट ओलांडली आणि पुरुषांच्या बाजूला त्याच्या शेजारी बसली. तो तिच्याकडे बघत राहिला, जणू आज लग्न आहे की काय ते आठवत होता.

गाणी झाली, प्रवचन झालं. बाई निरोपाचं वाचन करू लागल्या. ताउनोला ऐकू कमी येई, म्हणून त्याला वाटे की सगळ्यांनाच कमी येतं. भर शांततेत त्याने खणखणीत आवाजात विचारलं, "कोणाचं मयत?"

"गप," साइमी म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "ह्या चर्चचं."

"कोणी ठरवलं?"

"सगळ्यांनी."

"विचारलं होतं?"

"विचारलं होतं रे म्हाताऱ्या."

"कितीदा?"

साइमीने त्याची घोंगडी सारखी केली. मग ती हळू म्हणाली, "एकदा."

"मग ते विचारणं नव्हे," ताउनो म्हणाला आणि टोपी नीट केली. "मयत आहे तर कॉफी तरी असेल ना?"

ह्यावेळी कोणी हसलं नाही. बाईंनी हातातला कागद खाली ठेवला. त्या वेदीच्या पायरीवर उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता. आधी काही कळलं नाही, मग साइमीचा तो रिकामा कप आठवला असावा, आणि कळलं तसा रंग उडाला. त्या मधल्या वाटेने चालत मंडळीच्या मध्यावर आल्या.

"कोणाचा विरोध आहे का?" त्यांनी विचारलं.

कोणी बोललं नाही. म्हातारी माणसं जमिनीकडे बघत होती. बाई एक पाऊल पुढे आल्या.

"मी पुन्हा विचारते. हे चर्च बंद करायला कोणाचा विरोध आहे का?"

"आहे," साइमी म्हणाली.

"आहे," केइयो म्हणाला. मग एल्मा, मग मागचे बाक, मग पुढची पाहुणी पोरंसुद्धा. कोणी ओरडलं नाही. एकेकाने उभं राहून, पावती द्यावी तसं, "आहे" म्हटलं. अडीचशे वर्षांत मला कोणी "हवास" म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं. मी थकलेला असलो तरी ते ऐकायला जागा होतो.

बाई तिथेच रडल्या. "मला माफ करा," त्या म्हणाल्या. "आता माझ्या हातात काही नाही."

आणि खरंच नव्हतं. सह्या झाल्या होत्या, पुढच्या वर्षाचा खर्च ठरला होता. बाई दोनदा वरच्या ऑफिसात जाऊन आल्या म्हणे, भांडल्या म्हणे. काही झालं नाही. कॉफी मात्र त्या दिवशी झाली, वेलचीच्या पावासकट. बाईंनी साइमीचा कप न विचारताच भरला. उपासनेनंतर चौघांनी ताउनोला बाहेर नेलं, तेव्हा पाय पुढे होते की डोकं, हे कोणी बघितलं नाही. तो बापाच्या दारातून बाहेर पडला, बर्चपाशी खुर्ची थांबवायला सांगितली आणि थोडा वेळ बघत बसला. "बरी जागा आहे," म्हणाला.

जानेवारीत तो गेला. अंत्यविधीच्या प्रार्थना विटांच्या चर्चमध्ये झाल्या, माती इथे दिली. माझी वीज तोडलेली, दाराला कुलूप. केइयोने आवारातल्या मनोऱ्यातली घंटा वाजवली. तिची विजेची तार कापायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. सगळे गेल्यावर साइमी माझ्या दारापाशी आली. हातमोजा काढला आणि त्या थंडीत उघडा तळवा माझ्या फळीवर ठेवला.

"त्याचं झालं," ती म्हणाली. "दमलास ना? नीज आता तू."

तिचा हात गरम होता. नाइलाजाने तो उचलून ती गेली. बर्फातून, काठी टेकत, एकटी.

तर अशी माझी कथा. माझ्यासाठी काही मागत नाही मी. डांबर नको, नवी कौलं नको. मला हॉटेल करायचा विचार चाललाय असं ऐकतो, करा बापडे. उत्तरेची भिंत खचतेय, तिला टेकू दिलात तरी चालेल, नाही दिलात तरी चालेल. नीज म्हणाली ती, आणि देवाशपथ सांगतो, मला झोप आलीये. पडल्या पडल्या मऊ मातीत मिसळून जावं असं वाटतं.

पण झोपणार कसा? साइमीचं ह्या दारातून जायचं राहिलंय ना अजून. तिने कोणाला काही सांगून ठेवलेलं नाही, आणि विचारलं तर नकोच म्हणेल. तेव्हा तो दिवस येईल तेव्हा तिला विचारू नका. नुसतं कुलूप काढा. तोवर मी उभा आहे.